कोवळे शेंडे

खाडीच्या तोंडाशी बांधलेल्या प्रत्येक दोरीवर एका मुलाचं नाव होतं. दोरीला लटकलेलं तांबूस शेवाळ हेच त्या मुलाचं औषध. काही मुलांच्या शरीरात जगण्याला लागणारं एक द्रव्य जन्मापासूनच तयार होत नाही. ते बनवणारं जनुक, त्या त्या मुलाला जुळेल असं घडवून, शास्त्रज्ञांनी समुद्रशेवाळात बसवलं होतं. लोक त्याला नाळशेवाळ म्हणत. त्याला बी लागत नाही. तोडलेला तुकडा दोरीला परत बांधला, की तोच वाढत राहतो. रोज मूठभर मुलाला भरवायचं, बाकीचं बांधायचं.

त्यांतली जुईली चोगले औषध चालू असतानाही उन्हाळ्यात गेली. तिची दोरी मात्र अजून पाण्यात होती आणि तिची आई वनिता ओहोटीला जाऊन ती साफ करत असे.

नाळशेवाळ तयार करणारे डॉ. रिसबूड आले, तेव्हा ती अंगणात जाळं विणत होती.

"बसा, डॉक्टर. चपला काढल्यात तरी चालेल, वाळत घातलेले मासे चावत नाहीत."

ते हसले नाहीत. "वनिताताई, जुईलीला शेवाळाचा कुठला भाग द्यायचात?"

"कोवळे शेंडे. लेकराला जून कोण देतं? जुने बुडखे परत दोरीला बांधायचे. इथल्या सगळ्या आयांना मीच शिकवलं. जून दिलं तर पोरं थुंकतात."

रिसबूड जमिनीकडे बघत बोलले. "शेंड्याची सगळी शक्ती वाढण्यात जाते. औषध साठतं जुन्या बुडख्यात. आम्ही तपासताना अख्खं शेवाळ कुटलं, औषध भरपूर निघालं. कुठल्या भागातून निघतं, ते पाहिलंच नाही. चूक आमची आहे."

वनिताच्या हातातली सुई थांबली.

"म्हणजे औषध दोरीलाच राहिलं."

"हो."

"मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"बाकीच्या आया तुमचंच ऐकतात."

 ती जाळं बाजूला ठेवून उठली आणि घरोघर गेली.

"पोरांना जून द्या. थुंकली तरी द्या."

"अगं, कोवळं द्या असं तूच म्हणालीस ना?" शेजारची हौसा म्हणाली.

"म्हणून तर मीच सांगतेय."

ओहोटीला ती जुईलीच्या दोरीपाशी उतरली. मुलगी गेल्यापासून कुणी शेंडे खुडले नव्हते. शेवाळ बोटाएवढं जाड झालं होतं, औषधाने भरलेलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलाला ते चालणार नव्हतं.

तिने एक बुडखा तोडला आणि तोंडात टाकला. तो खरंच चिवट होता. चावायला वेळ लागला असता, पण जुईलीने खाल्ला असता.