तेविसावं डोकं

लाइट गेली की घरातली माणसं मोजायची नाहीत. चिकलठाण्यातल्या त्या घराचा हा नियम होता, आणि तो का, हे विचारायचं नाही हा दुसरा. ज्ञानेश्वरीनं बारा वर्षांची असताना अंधारात नुसतं 'एक, दोन' म्हटलं होतं, तर आजीनं तिच्या तोंडावर हात दाबला होता. तो दाब ती दहा वर्षं विसरली नव्हती. मोठ्या माणसांना कारण सांगायचं नसलं की ती नियम सांगतात, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी ती गुलमंडीच्या बाजारात प्रवासाच्या पेटीसाठी कुलूप आणायला गेली. शुक्रवारी सकाळी सहाची गाडी होती आणि सोमवारी नौदलाच्या अकादमीत हजर व्हायचं होतं. आजोबांसारखीच ती अधिकारी होणार होती. आजोबा म्हणजे रिअर अॅडमिरल बिभीषण, घरातले आप्पा. बापाच्या, मुंजाबाच्या, मेंढरांमागं हिंडलेला हा पोरगा अठराव्या वर्षापर्यंत विहिरीपेक्षा मोठं पाणी न बघता वाढला, आणि पुढं चाळीस वर्षं त्यानं समुद्रावर हुकमत केली. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची पदकं दिवाणखान्यात काचेच्या पेटीत होती.

रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी लाइट गेली. खोलीत चौघं होते. पलंगावर आजी राजाबाई, खुर्चीत आप्पांचे धाकटे भाऊ रामहरी तात्या, पेटीला टेकून तात्यांचा नातू अभय, आणि दाराजवळ चटईवर ज्ञानेश्वरी. अभयनं मोबाइलचा उजेड केला. तात्यांनी तो बंद करायला लावला.

"ज्ञानू, उद्या जाऊ नको," तात्या म्हणाले.

तिला हसूच आलं. कुलूप दोनशे रुपयांचं आहे तात्या, परत घेणार नाहीत, ती म्हणाली. अभय खुदकन हसला. तात्या हसले नाहीत. आप्पांनी मरायच्या आदल्या वर्षी एकदाच मला सांगितलेली गोष्ट आहे, आधी ऐक आणि मग हस, एवढं म्हणून त्यांनी सुरुवात केली.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आप्पा तेव्हा तरुण अधिकारी. भर समुद्रात, रात्री सव्वादोन वाजता, जहाजाच्या तळच्या खोलीत आग लागली. वीज गेली. खाली तेवीस खलाशी. वर यायला एकच लोखंडी शिडी आणि शिडीच्या तोंडाशी माणूसभर रुंद झाकण. सगळे वर आले की झाकण लावायचं, म्हणजे हवेवाचून आग मरते. लावायला उशीर झाला तर जहाजच जातं. धूर असा की स्वतःचा हात दिसेना.

आप्पा झाकणापाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी वडिलांकडून शिकलेलं केलं. मुंजाबा तिन्हीसांजेला मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभा राहून आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवून मोजायचा. डोळा फसतो, हात फसत नाही, असं त्याचं म्हणणं. आप्पांनीही वर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. एकवीस. बावीस. मग जरा थांबून... तेवीस.

"ते तेविसावं डोकं गार व्हतं," तात्या म्हणाले. "खाली आग. बाकी सगळ्यांची डोकी तव्यावानी तापलेली. हे ओलं, गार. पण मोजायच्या नादात हात पुढं गेला. आप्पानं झाकण लावायला सांगितलं."

वर येऊन बॅटरीच्या उजेडात मोजलं. बावीस. परत मोजलं. बावीस. राहिला होता तो सुदर्शन, पैठणचा, दोन लेकरांचा बाप. मोजणारा आपल्याकडचा माणूस आहे, आपल्याला सोडून झाकण लावणार नाही, म्हणून तो सगळ्यांना पुढं घालून स्वतः मागं थांबला होता. झाकणाखालून तीन वेळा ठोकल्याचा आवाज आला. उघडलं तर आग वर येणार होती. मग...

तात्या थांबले. बाहेर जालना रोडवर एक ट्रक गेला.

चौकशीत आप्पांचा दोष निघाला नाही. जहाज वाचवलं म्हणून पदक मिळालं. काचेच्या पेटीतलं पहिलं पदक तेच. पुढं बढत्या मिळत गेल्या. पैठण इथून तासाभरावर. आप्पा एकदाच तिथं गेले, सुदर्शनच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून राहिले आणि तसेच परत आले. सुदर्शनच्या घरच्यांना एवढंच माहीत आहे की तो समुद्रात गेला.

"आणि दोन हजार चौदाची दिवाळी," राजाबाई अंधारातून म्हणाली. "लाइट गेली. ह्यांनी सवयीनं सगळ्यांच्या डोक्यावर हात फिरवला. तू भिंतीकडंला निजली व्हतीस."

ज्ञानेश्वरीला तो हात आठवला. डोक्यावर थांबलेला. मग पलीकडं गेलेला... आणि झटकन मागं आलेला. तिच्या पलीकडं भिंत होती. मध्ये वीतभर जागा.

"तिथं बी डोकं लागलं त्यांना," राजाबाई म्हणाली. "ओलं."

अभय पेटीपासून सरकून आजीच्या पायाशी गेला.

"सुदर्शन अजून वर यायचाय," तात्या हलकेच म्हणाले. "मोजणारा दिसला की येतो. तू त्याच घरची, त्याच कामाला निघालीस. जाऊ नको."

ज्ञानेश्वरीचं अंग गार पडलं होतं. भीतीनं पडलं होतं, हे तिला कबूल होतं. पण भीतीखाली दुसरं काही पेटलं होतं. अडतीस वर्षं. एका तासाचा रस्ता. आणि ह्यांनी केलं काय, तर नियम.

ती उठली.

"ज्ञानू, नाय..." आजी म्हणाली.

तिनं हात पुढं केला. अभयचे कुरळे केस. एक. आजीचा पदर. दोन. तात्यांचं टक्कल, घामानं भिजलेलं, कोमट. तीन.

ती मागं वळली. दाराकडं. आपल्या चटईकडं. तिथं कोणी नव्हतं. तिला माहीत होतं, तिथं कोणी नव्हतं. हात खाली गेला...

केस. ओले. गार.

डोकं हललं नाही. खाली वाकून होतं. मोजून घ्यायला थांबल्यासारखं.

तिनं हात काढला नाही.

"चार."

लाइट आली. खोलीत अभय, आजी आणि तात्या. दार आतून बंद. चटई कोरडी.

तिचा तळहात मात्र ओला होता. तिनं जीभ लावली. खारट. घाम कसा लागतो हे तिला ठाऊक होतं. हा घाम नव्हता.

"आता तरी..." तात्या म्हणाले.

"मी जाणार," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "सहाच्या गाडीनं नाही, रात्रीच्या. सकाळी पैठणला जाते. त्यांच्या लेकरांना सांगते कोण खाली राहिलं, कुणी झाकण लावलं आणि हे पदक कशाचं. आणि पुढं माझ्यावर वेळ आली, तर उजेडात मोजल्याशिवाय मी झाकण लावू देणार नाही."

तिनं काचेची पेटी उघडून पहिलं पदक काढलं. तात्यांनी हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. राजाबाईनं तोंडाला पदर लावला.

पंखा फिरत होता. हळूहळू तळहात वाळला. रेषारेषांत पांढरं मीठ उरलं.