दाते घासलेली किल्ली

लेकीनं धर्म बदलला आणि आमच्या ह्यांनी घराच्या दाराचं कुलूप बदललं. कुलपांचंच दुकान आमचं, त्यामुळे काम चुटकीसरशी झालं. शिवाय दुकानात येईल त्याला सांगत सुटले, "मुलगी वारली." धडधडीत जिवंत पोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तूही तसंच समज," हे म्हणाले.

"तुम्ही समजा. मी तिला जन्म दिलाय."

नवं कुलूप बसवलं की त्यात जुनी किल्ली फिरवून पाहायची, ही ह्यांची शिस्त. ती फिरली तर कुलूप वाया गेलं. लेक घर सोडून निघाली तेव्हा ह्यांनी तिची किल्ली हिसकावून घेतली होती. तीच लावून पाहिली. फिरली नाही. हे मिशीतल्या मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाजारातून परतलो, तर दार सताड उघडं आणि कुलपात तिची किल्ली.

"तूच उघडलंस!"

"मी तुमच्याबरोबर पिशव्या उचलत होते ना?"

ह्यांनी कानस घेतली आणि त्या किल्लीचे सगळे दाते घासून टाकले. नुसती दांडी उरली, ती खिशात ठेवली.

पुढे एका दुपारी हे दुकानात निघाले, तर दार आतून उघडेना. कुलपाचे स्क्रू काढायला गेले; स्क्रू फिरत राहिले, बाहेर मात्र येईनात. जन्मभर लोकांची दारं उघडून देणारा माणूस स्वतःच्या दाराशी घामाघूम झाला.

"तिला फोन करते," मी म्हटलं.

"खबरदार!"

खबरदार कसली? कुठल्या देवापुढे हात जोडायचे हे तिचं तिनं ठरवलं, एवढाच काय तो गुन्हा! मी फोन लावला. लेक दूरच्या गावी कामावर होती. मागे यंत्रांची घरघर चालली होती.

"आई, बाबांना एकदा 'ये' म्हणू दे. लगेच निघते."

मी फोन ह्यांच्या तोंडापुढे धरला.

"मला मुलगी नाही," हे म्हणाले. "ती मेली."



तेवढ्यात बाहेरून कुलपात किल्ली फिरली. अगदी सहज.

ह्यांनी खिसा चाचपला. रिकामा.

"कोण आहे?"

"मी, बाबा." दारापलीकडे लेकीचाच आवाज होता. "तुम्ही मेली म्हणालात ना, ती."

माझ्या हातातल्या फोनवर ती विचारत होती, "आई, दारात कोण आलंय?"