गुंडीच्या कानामागचं बोट

"हे बोट कोणाचं?"

वकिलातीतल्या बाईंनी काचेखालच्या फटीतून फोटो परत सरकवला, आणि खिडकीसमोर उभ्या असलेल्या तिघांच्याही माना एकदम त्या इवल्याशा फोटोवर वाकल्या. पाच महिन्यांची गुंडी पांढऱ्याशुभ्र चादरीपुढे डोळे वटारून बघत होती, तोंड नियमाप्रमाणे मिटलेलं होतं, सगळं कसं झकास होतं... आणि तिच्या डाव्या कानामागून एक बोट डोकावत होतं!

"माझंच ते," ताई ओशाळून म्हणाली. "चादरीखाली बसून मीच धरलं होतं हो तिला. एकटी बसतेय कुठे अजून!"

"बाळाशिवाय दुसऱ्या कोणाचंही काही दिसता कामा नये," बाई समजुतीने म्हणाल्या. "नवा फोटो काढून आणा. दोन आठवड्यांनी या."

छोटूने कपाळावर हात मारला. छोटू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, गुंडीचा बाप. सहा फूट उंचीचा, परदेशात नदीवर पूल बांधणारा इंजिनिअर, पण ताईच्या लेखी तो अजून छोटूच होता. आणि गुंडीएवढं नाक घेऊन आलेली त्याची लेक ती गुंडी! तिचं खरं नाव दाखल्यावर होतं, ते दाखल्यापुरतंच.

गुंडी जन्मली होती या देशात. पण इथला कायदा म्हणे असा, की इथे जन्मलं म्हणून कोणी इथलं होत नाही. आई-बाप जिथले, मूल तिथलं. आणि तिथलं व्हायचं, तर वकिलातीत नाव नोंदवायचं, पासपोर्ट घ्यायचा. तोवर बिचारी इथलीही नाही आणि तिथलीही नाही! "म्हणजे काय, माझी गुंडी वाऱ्यावर आलीय का रे?" असं म्हणून ताईने पहिल्याच दिवशी छोटूला फैलावर घेतलं होतं.

पण पासपोर्टची घाई होती ती निराळ्याच कारणासाठी. भावजयीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतली तिची नोकरी, एकदा हातची गेली तर परत मिळणारी नव्हती. पाळणाघरात नंबर लागायला वर्ष तरी जाणार होतं. छोटू तर सकाळी अंधारात पुलावर जायचा तो अंधारातच परतायचा. शेवटी त्यानेच तोड काढली होती. बाळंतपणाला म्हणून आलेल्या ताईचा व्हिसा संपला, की तिने मायदेशी जाताना गुंडीला घेऊन जायचं. वर्षभर तिने सांभाळायचं. मग पुढचं पुढे.

ते ऐकलं त्या दिवशी ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं! जन्मभर शिवणयंत्रावर लोकांच्या लेकरांची झबली शिवली, त्या बाईच्या रिकाम्या घरात आता पाळणा हलणार होता! तिने मनातल्या मनात घर लावूनसुद्धा टाकलं. यंत्राशेजारी पाळणा. खिडकीला जाड पडदा. कात्र्या, सुया सगळ्या वरच्या फळीवर...

एकच गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. भावजय काही बोलायची नाही. ताई उठून दुधाच्या बाटल्या उकळायची, दुपटी धुवायची, रात्रीची अंगाई गायची, पण त्या पोरीच्या तोंडून दोन गोड शब्द निघतील तर शपथ! उलट एकदा गुंडीला ताईच्या खांद्यावरून जवळजवळ ओढूनच घेत ती म्हणाली होती, "ताई, सारखं नका घेऊ तिला. सवय लागेल." ताई दुपट्यांच्या घड्या घालायला वळली होती. एवढं करूनही आपण परक्याच का, या विचाराने तिचं अंतःकरण किती तरी दिवस ठसठसत राहिलं.

वकिलातीतून परतले त्याच दुपारी ताई वाळलेली दुपटी ठेवायला आतल्या खोलीकडे गेली, आणि दाराशीच थबकली.

भावजय जमिनीवर बसली होती. पुढ्यात गुंडीची बॅग अर्धवट भरलेली होती. हातात फोन होता आणि ती फोनमध्ये बोलत होती... कोणाशी नाही, नुसतीच.

"मी आई गं... गुंडी, मी आई." मध्येच आवाज फुटला. तिने ते रेकॉर्डिंग पुसलं आणि नाक ओढून पुन्हा सुरुवात केली. "मी आई गं, बाळा. ही बघ आई बोलतेय. विसरायचं नाही हं... मी आई."

ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं! ती पावलांचा आवाज न करता मागे फिरली. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिली. किती तरी वर्षांपूर्वीचा एक दरवाजा तिच्या डोळ्यांपुढे सताड उघडला होता.

बाबा गेल्यावर आई पोटासाठी परमुलखात गेली होती, तेव्हा छोटू अंगावरून नुकता सुटला होता आणि ताई स्वतःच परकर सावरायच्या वयाची होती. तिनेच त्याला भरवलं, चालायला शिकवलं. आई परत आली तेव्हा तो चार वर्षांचा होता. दारात उभं राहून आईने दोन्ही हात पसरले... आणि छोटू ताईच्या पाठीमागे दडला. तिचा परकर घट्ट धरून त्याने विचारलं, "ताई, या बाई कधी जाणार?"

आईचा तो चेहरा! ताईने तो कोणालाही कधी सांगितला नव्हता. त्याहून न सांगण्यासारखं एक होतं. त्या क्षणी तिला, त्या पोरवयात, कुठेतरी आत गोड वाटलं होतं. तो माझा आहे, माझाच!

दोन आठवडे व्हायच्या आत पुन्हा फोटोचा बेत ठरला. ताई सोफ्यावर बसली, तिच्या डोक्यावरून पांढरी चादर पडली, मांडीवर गुंडी आली.

"ताई, बोटं सांभाळ हं या खेपेला," छोटू फोन सरसावत म्हणाला. "मला साइटवर पळायचंय."

चादरीच्या आत धुकट पांढरा उजेड होता. गुंडीच्या टाळूचा कोवळा वास ताईच्या नाकात भरला होता. हा वास आता वर्षभर आपल्या घरात... 'माझी, माझीच!' मन टाहो फोडत होतं. बोट लपवायला काय लागतं? जन्मभर बारीक शिवणीत बोटं लपवलेली बाई ती! तिने डोळे मिटले. आणि मग सुयांनी टोचून टोचून खडबडीत झालेलं आपलं उजव्या हाताचं बोट हळूच गुंडीच्या कानामागून वर काढलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण चादरीखाली कोणाला दिसणार?

"झालं! डोळे उघडे, तोंड बंद. फर्स्ट क्लास!" म्हणत छोटू पळालासुद्धा. तो नेहमी घाईतच असायचा, हे ताईला लहानपणापासून ठाऊक होतं. छापून आलेला फोटोही त्याने न बघताच पाकिटात घातला.

वकिलातीतल्या बाईंनी या खेपेला चष्म्यावरून पाहिलं आणि फोटो पुन्हा परत सरकवला. पुढची वेळ मिळाली ती ताईचं विमान उडून गेल्यानंतरची.

घरात पाऊल टाकताच छोटूचा तोल सुटला. "ताई, एक बोट सांभाळता येत नाही तुला? एक बोट! सगळ्यांचे बेत धुळीला मिळवलेस. तुझा व्हिसा एक दिवस वाढायचा नाही, मी रजा कुठून आणू? आता हिने काय नोकरी सोडायची?"

"म्हातारी झाले रे मी," ताई खाली मान घालून म्हणाली. "चुकलंच माझं."

भावजयीने टेबलावरचा फोटो उचलला. बराच वेळ ती त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. मग तिने ताईचा उजवा हात हातात घेतला.

"हे चुकलेलं बोट नाही," ती हलकेच म्हणाली. "मागच्या खेपेला नुसतं टोक दिसत होतं, आणि तेही डाव्या बाजूला. हे तर मुद्दाम ताठ उभं केलंय. ताई... का केलंत असं? तुम्हाला तर ती हवी होती ना?"

"हवी होती का म्हणून काय विचारतेस?" ताईचा बांध फुटला. "जीव टाकते गं मी तिच्यावर! पण तुझं ते फोनमधलं बोलणं ऐकलं मी... अगं, फोनमधून आई होता येत नाही! ते दुःख मी पाहिलंय, या डोळ्यांनी."

आणि मग तिने सगळं सांगितलं. दारात उभी राहिलेली आई, तिचे पसरलेले हात, परकरामागचा छोटू, आणि ते पाच शब्द. आपल्याला गोड वाटलं होतं, तेही तिने लपवलं नाही.

छोटू खुर्ची ओढून बसला. "मी... असं म्हणालो? आईला?"

"चार वर्षांचा होतास रे. तुझा काय दोष?"

"मग आई काय म्हणाली?"

"काही नाही. आत गेली आणि पातेली घासत बसली. घासलेलीच पातेली, पुन्हा पुन्हा."

सहा फुटी पूलवाला ओंजळीत तोंड लपवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. ताईने त्याचं डोकं कुशीत घेतलं. आणि ज्या पोरीला बोलता येत नाही असं ताईला वाटायचं, ती ताईच्या दुसऱ्या खांद्यावर कपाळ टेकून म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही तिला माझ्यापासून तोडताय. म्हणून तुसडेपणा केला हो मी... ताई, मला क्षमा करा!"

"वेडी गं वेडी!" ताई म्हणाली. तेवढ्यात या रडारडीला कंटाळून गुंडीनेही भोकाड पसरलं, मग सगळ्यांनाच हसू आलं.

डोळे पुसून छोटूच म्हणाला, "खरं सांगू? रजा आहे. इथे बापांनाही मिळते, चांगली लांबलचक. मीच मागितली नव्हती. पूल सोडून लंगोट बदलत बसलो, तर साइटवरचे हसतील म्हणून."

"हसू देत की! दात दिसतील त्यांचे," ताई म्हणाली. "आणि रजेत वकिलातीत जाऊन तेवढा पासपोर्ट करून घे. माझी गुंडी वाऱ्यावर राहायची नाही."

तिसऱ्या फोटोला चादरीखाली भावजय बसली. ताई छोटूच्या मागे उभी राहून चिमणीचे आवाज काढत होती, आणि गुंडी तिच्याकडे असं एकटक बघत राहिली, की फोटो पहिल्याच झटक्यात साधला. एकही बोट दिसलं नाही.

निघायच्या दिवशी भावजयीने ताईपुढे फोन धरला. "ताई, आता यात तुम्ही बोला. 'मी आत्या' म्हणा. आम्ही रोज ऐकवू तिला."

ताईने फोन तोंडाजवळ धरला. "मी आत्या गं... गुंडी, मी आत्या," एवढंच कसंबसं म्हणाली. विमानात तिची मांडी रिकामी होती, पण मन कसं काठोकाठ भरलं होतं.

वर्ष उलटल्यावर तिघं तिच्या घरी आली. छोटूने आधी नवा कोरा पासपोर्ट नाचवला. "बघ, आता लेक रीतसर आपल्या देशाची!" ताईने यंत्रावरून उठून दोन्ही हात पसरले. गुंडी आता दुडुदुडु चालत होती. तिने ताईकडे एकदा पाहिलं, आणि सुसाट जाऊन आईच्या पायांमागे दडली.

छोटूचा चेहरा खर्रकन उतरला. पण ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती! "लपली बघ! आईच्या मागे लपली गं माझी बाय!"

"ताई," छोटू भीतभीत म्हणाला, "पातेली घासायला जाऊ नकोस हं."

"जाते कुठली!" ताईने डोळे पुसले, जमिनीवर बसकण मारली आणि बोट पुढे केलं. "मी आत्या गं... गुंडी, मी आत्या."

आईच्या पायांमागची हालचाल थांबली. रोजचा ओळखीचा आवाज! एक डोळा बाहेर आला, मग गुंडीएवढं नाक. मग एक इवलासा हात पुढे आला आणि त्याने ते खडबडीत बोट मुठीत घट्ट धरलं.