खोबणीच्या तळाशी

रुग्णवाहिकेच्या मागच्या दाराची कड डोळ्याखाली बसली आणि जन्मभर दुसऱ्यांना दवाखान्यात आणणारे ड्रायव्हरमामा स्वतःच पेशंट होऊन डॉक्टरीणबाईंसमोर बसले. डोळ्याच्या खोबणीचं तळाचं हाड अंड्याच्या कवचाइतकं पातळ. ते फुटलं होतं. वर बघितलं की मामांना एकाचे दोन दिसत.

"स्टिअरिंग सुटलं तर घरी बसून माश्या मारू का?" मामा म्हणाले.

"डोळ्याचा स्नायू भेगेत अडकलाय. सोडवला की गाडी तुमचीच. तोवर नाक मात्र शिंकरू नका."

पण स्वभावाला औषध नसतं. मामांनी तिथंच रुमाल काढून नाक शिंकरलं. हवा गालातल्या पोकळीतून भेगेवाटे वर शिरली आणि पापणी टम्म फुगली. बाईंनी बोट टेकवलं. कातडीखाली हवा कुरकुरली. हे नेहमीचंच. पण मामांनी श्वास रोखला तरी कुरकुर थांबेना. संथ लयीत... आत, बाहेर. बाईंना शिसारी आली.

मामांना भूल दिल्यावर त्यांनी चिमट्याने बुबुळाखालचा पांढरा भाग धरून डोळा हलकेच वर ओढला. स्नायू अडकलेला असला की डोळा जागचा हलत नाही, एवढंच. इथं मात्र खालून हिसका बसला. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा हिसका. भेगेतून फुलदाणीतल्या कुजलेल्या पाण्यासारखा वास आला.

"खाली काय आहे, मॅडम?" सिस्टर पुटपुटली.

"काही नाही... जाळी द्या."

खाली डोकावून बघायची त्यांची छातीच झाली नाही. स्नायू सोडवला, भोकावर धातूची जाळी बसवली, स्क्रू घट्ट पिळले. नंतर कितीदा हात धुतले तरी त्यांना स्वतःचीच घाण वाटत राहिली.

सकाळी मामांनी छताकडे पाहिलं. "पंखा एकच दिसतोय."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "गाल मात्र थोडे दिवस बधिर राहील."

"बाहेरून बधिर आहे," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "आतून सगळं कळतं."

"काय कळतं?"

"आधी जाळी चाचपत होतं... आता खाली आलंय. दातांच्या मुळाशी."

वरची वाट तर बाईंनीच बुजवली होती. त्यांनी मामांना तोंड उघडायला लावलं आणि बॅटरी धरली. वरची शेवटची दाढ, कुणाचाही हात न लागता, हिरडीत सावकाश डुलत होती.