बावखलाकाठची खोली

संपदा पेडणेकरला कांजिण्या आल्या त्या परीक्षेच्या तोंडावर. एकोणीसशे नव्याण्णवचा फेब्रुवारी सरत आला होता. एस. वाय. बी.एस्सी.च्या वर्गात रोज कुणीतरी गैरहजर असायचं. प्रयोगशाळेत तिच्या शेजारी उभी राहणारी मुलगी एका सकाळी मानेवर पाणीदार फोड घेऊन आली, तेव्हाच संपदानं मनाशी हिशेब मांडला होता. पंधरवडा उलटला आणि आंघोळ करताना पहिला फोड तिच्याही पोटावर हाताला लागला.

एरवी घरात कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. आईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला असता, मऊ भात करून घातला असता, झालं. पण विरारला चंदनसारच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये वहिनीही होती. मीराला सातवा महिना लागला होता. आधीचं एक तिच्या पोटातच गेलं होतं, आणि लहानपणी तिला कांजिण्या आलेल्या नव्हत्या. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हिला आजच दुसरीकडे हलवा. खपल्या पडेपर्यंत दोघींची गाठ नको. बाळाचा प्रश्न आहे."

दुसरीकडे म्हणजे कुठं, हाच प्रश्न होता. संपदाचे वडील, विद्याधरराव, ऑफिसात गप्प बसलेले पाहून त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या व्हिन्सेंटनं काय ते विचारून घेतलं. राजोडीला त्याची वाडी होती. वाडीत मोठी बहीण डेल्फिन एकटी राहायची आणि घरामागं एक सुटी खोली रिकामीच पडून होती. "डेल्फिनला लहानपणीच येऊन गेल्यात," व्हिन्सेंट म्हणाला. "पोरीला बिनधास्त पाठवा."

त्याच संध्याकाळी भाऊ, जितेंद्र, तिला रिक्षातून राजोडीला सोडून आला. निघताना मीरा आतल्या खोलीच्या दाराआडून बोलली. दोघींना एकमेकींचं तोंडही दिसलं नाही.

खोली बरी होती. वर मंगलोरी कौलं, खाली कोबा, एक लोखंडी खाट आणि तिच्यावर मच्छरदाणी. खिडकी वाडीच्या मागच्या अंगाला उघडायची. बाहेर केळी, पानवेली, आणि त्यांच्या मधोमध बावखल. वाडीला पाणी घालायला खणलेल्या जुन्या तळ्याला इकडं बावखल म्हणतात. पाणी हिरवंगार आणि निश्चल. या काठाला दगडी पायऱ्या, पलीकडे केळीची दाटी. सुरूच्या बनामागून समुद्राचा आवाज यायचा, पण बावखलावर कधी साधा तरंग उठलेला संपदानं पाहिला नाही.

पहिले काही दिवस ती तापातच होती. अंगभर फोड उठले, टाळूवर, पापणीवर, तळपायालासुद्धा. डेल्फिनमावशी सकाळ-संध्याकाळ पेज आणायची, कॅलामाइन लावून द्यायची आणि पाठीवरून कडुलिंबाचा पाला फिरवायची. बाई कमी बोलणारी. "खाजवू नको, डाग राहतात," एवढंच पुन्हा पुन्हा सांगायची. दुपारी जितेंद्र स्कूटरवरून डबा घेऊन यायचा, तो कुंपणाच्या फाटकाला अडकवायचा आणि रस्त्यावरूनच दोन शब्द बोलून परत फिरायचा. त्याला मीरापाशी जायचं असायचं.

ताप उतरला त्या दिवशी संपदा दारात येऊन उभी राहिली. जितेंद्रनं तिला लांबूनच न्याहाळलं.

"हे काय, परत उठले का फोड?"

"परत म्हणजे? अजून गेलेत कुठं?"

"काल तर तोंड स्वच्छ होतं तुझं. बावखलाच्या पलीकडच्या काठाला उभी होतीस. मी हाक मारली, तर नुसती बघत राहिलीस."

काल दिवसभर संपदा खाटेवरून उठली नव्हती. तिनं तसं सांगितलं. जितेंद्र हसला. केळीच्या सावलीत काही धड दिसत नाही म्हणाला, आणि स्कूटर वळवली.

गोष्ट तिथं मिटली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेज ठेवताना डेल्फिनमावशीही म्हणाली, "पोरी, पहाटेची पाण्याशी जाऊन बसत जाऊ नकोस. अंगात अजून अशक्तपणा आहे."

"मी नव्हते मावशी."

डेल्फिननं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या पायांकडं. पाय कोरडे होते. म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि पेजेत मीठ घालायला विसरले असं म्हणत पुन्हा घरात गेली. मीठ पेजेत होतं.

संपदा काही भित्री नव्हती. आजारात मन कच्चं होतं हे तिला ठाऊक होतं. जितेंद्रनं लांबून पाहिलं, मावशीची नजर वयानं अधू झालेली, वाडीत केळीची पानं काढायला कुणी ना कुणी बाई येतच असणार. तिनं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि दुपारपर्यंत वाचत बसली. अंगाची खाज मात्र अक्षरावर नजर ठरू देत नव्हती. शेवटी पुस्तक मिटून ती खिडकीशी आली.

पायऱ्यांवर कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरी मुलगी. लख्ख ऊन होतं. केस नुकते न्हाल्यासारखे पाठीवर मोकळे सोडलेले. संपदाच्या डोक्याला कितीतरी दिवस पाणी लागलं नव्हतं, केसांच्या जटा झाल्या होत्या, म्हणून ते केस पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भरले. ती मुलगी दुसरं काही करत नव्हती. डाव्या हातावरून उजवा तळवा फिरवत होती, कोपरापासून मनगटापर्यंत, पुन्हा कोपरापासून मनगटापर्यंत. हात नितळ होता. नव्या कापडाचा पोत बघावा तसं ते चाललं होतं, सावकाश, आवडीनं.

संपदाला हाक मारायची होती. पण ही वळली तर काय, असं मनात आलं. तिनं खिडकी ओढून घेतली. कडी लावली. थोड्या वेळानं फटीतून पाहिलं, तर पायऱ्या मोकळ्या होत्या आणि पाणी होतं तसंच होतं.

त्यानंतर पायऱ्यांवर कुणी दिसलं नाही. दोन दिवस शांततेत गेले. फोड सुकायला लागले. जितेंद्रला कामावर अडकल्यामुळं डबा आणता आला नाही, तेव्हा मावशीनंच भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं. तिसऱ्या दिवशीही दुपार टळली तरी स्कूटर आली नाही. तेव्हा संपदा मावशीच्या घराच्या ओट्यावर गेली. तिथं स्टुलावर मावशीचा फोन असायचा. घरी सगळं ठीक आहे ना, एवढंच विचारायचं होतं.

फोन मीरानं उचलला.

"वहिनी, मी संपदा. दादा आला नाही आज."

मीराचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"वहिनी? आई कुठंय?"

"बाजारात," मीरा म्हणाली. तिचा आवाज जपून उचललेल्या पावलासारखा होता.

आणि तेवढ्यात, त्याच खोलीतून, थोडं लांबून, कुणीतरी विचारलं,

"कुणाचा फोन आहे गं वहिनी?"

संपदानं तो आवाज ओळखला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात टेप केलेला स्वतःचा आवाज तिनं एकदा ऐकला होता. तेव्हाही तो असाच परका आणि तरी आपलाच वाटला होता.

"राँग नंबर," मीरा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

संपदानं पुन्हा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

ती पायांत चप्पल सरकवून फाटकाशी आली. तिथून रस्ता दिसत होता. रिक्षा मिळाली असती. बोळींजवरून विरारचं रेल्वेफाटक ओलांडलं की चंदनसार. फाटकाच्या कडीवर तिनं हात ठेवला, आणि तिला तो हात दिसला. सुकत आलेले फोड, काही फुटलेले, काहींवर ओली खपली. हा हात घेऊन त्या घरात शिरायचं होतं. ज्यासाठी तिला घराबाहेर काढलं होतं, तेच आपल्या पायांनी घेऊन जायचं.

कडी तिच्यानं उघडवेना, आणि तिथून मागंही फिरवेना.

"काय झालं?" डेल्फिनमावशी मागं येऊन उभी होती.

"घरी कुणीतरी आलंय," संपदा म्हणाली. "वहिनी एकटी आहे. आणि मला जाता येत नाही."

कोण आलंय, हे मावशीनं विचारलं नाही. बावखलाकडं एकदा नजर टाकून ती म्हणाली, "तुमच्या शेजारी फोन आहे कुणाचा?"

शेजारच्या शांताकाकूंचा नंबर संपदाला पाठ होता. फोनवर मावशीच बोलली. मीराला बरं वाटत नाहीये, जरा जाऊन या, बेल वाजवत राहा, एवढंच तिनं सांगितलं. मग दोघी ओट्यावर बसून राहिल्या. मावशीनं गळ्यातली जपमाळ काढून हातात घेतली होती, पण मणी पुढं सरकत नव्हते.

काही वेळानं शांताकाकूंचा फोन आला. दार उघडायला मीराला फार वेळ लागला म्हणाल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मीरा ठीक होती, जरा घाबरल्यासारखी वाटली एवढंच. घट्ट वेणी घालून बसली होती.

"वेणी?" संपदानं विचारलं. पोट वाढल्यापासून मीराला हात वर धरून केस विंचरवत नसत. रविवारी संपदाच तिची वेणी घालायची.

"हो. तेल लावून, चापूनचोपून घातलेली," शांताकाकू म्हणाल्या.

पुढं काही घडलं नाही. खपल्या पडल्या, डॉक्टरांनी होकार दिला आणि जितेंद्र संपदाला घ्यायला आला. निरोप घेताना मावशीनं तिच्या हातात केळ्यांची फणी दिली. पुन्हा ये, असं काही ती म्हणाली नाही.

घरात पाऊल टाकलं तेव्हा मीरा समोर आली. बोटाच्या टोकानं तिनं संपदाच्या कपाळावरचे, गालावरचे, हनुवटीवरचे काळसर खड्डे एकेक चाचपून पाहिले. आई म्हणाली, डाग जातील हळूहळू. मीरा म्हणाली, "राहू देत."

तेव्हा कुठं तिनं संपदाला मिठी मारली.

मे महिन्यात मीराला मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत. सगळ्या घरानं सुटकेचा निःश्वास सोडला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. मुलीचं नाव ज्ञानदा ठेवायचं होतं, आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे संपदाचा. बाहेर बायका जमल्या होत्या, पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. आतल्या खोलीत बाळाला झबलं घालता घालता मीरानं दार लोटून घेतलं.

"त्या दिवशी दुपारी तू आली होतीस," ती म्हणाली.

"मी नव्हते, वहिनी."

"ठाऊक आहे. पण दार उघडलं तेव्हा नव्हतं ठाऊक. म्हणाली, बरी झाले, राहवेना म्हणून आले. चेहरा कसा स्वच्छ होता. मला बरंच वाटलं. वेणी घालते म्हणाली, बसले तिच्यापुढं. हात फार गार होते. मग फोन वाजला."

बाहेर कुणीतरी बाळाला आणा म्हणून हाक दिली. मीरानं आवाज आणखी खाली आणला.

"तू कानात बोलत होतीस आणि तूच समोर बसली होतीस. मला कळलंय हे तिला कळू नये, म्हणून राँग नंबर म्हटलं. परत येऊन तिच्यापुढं बसले. राहिलेली वेणी पुरी करून घेतली."

"मग?"

"मग तिनं माझ्या पोटाला तोंड लावलं आणि हळूच काहीतरी म्हणाली. एकच शब्द. आपण बारशाला म्हणतो ना, तसं."

"काय म्हणाली?"

"मला नाही ऐकू आलं. माझ्यासाठी नव्हतंच ते." मीरानं झबल्याचा बंद बांधला. "बाळ मात्र आत वळलं. मग बेल वाजली. मी दार उघडून मागं पाहिलं, तर खोलीत कुणी नव्हतं."

दार ढकलून आई आत आली आणि बाळाला घेऊन गेली. पाळण्याभोवती बायकांनी गाणं धरलं. संपदा वाकली. तान्ह्या कानाशी ओठ नेऊन तिनं नाव सांगितलं, ज्ञानदा. रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळ्या हसल्या. बाळ डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होतं.

आता मुलीला वर्ष होऊन गेलं आहे. ज्ञानदा म्हणून हाक मारली तर ती बघत नाही. आधी घरच्यांना कानांची शंका आली. डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं, कान उत्तम आहेत. टाळी वाजली की ती वळते, भांडं पडलं की दचकते. हळूहळू कळेल म्हणतात सगळे.

अजून तिला एकही शब्द बोलता येत नाही. पण दुपारी घरात सामसूम असली, की खेळता खेळता ती मध्येच थांबते, बंद दाराकडं मान वळवते, आणि 'ओ' देते.