आजीच्या अळंबीच्या जागेचं गुपित कुणी फोडलं?

चोरी तुम्ही केलीत! इकडेतिकडे काय बघता? परगण्याच्या कचेरीत काचेमागे बसून 'तुमची माहिती आमच्याकडे तिजोरीत आहे' असं वेबसाइटवर लिहिणारे तुम्हीच. आणि आळ कुणावर आला? बारा वर्षांच्या हेलीवर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

त्या सकाळी हेली, तिचा मामेभाऊ उकू आणि आजोबा टोपल्या घेऊन पाइनच्या रानात शिरले होते. सुट्टीचा पहिला बेत ठरलेलाच असायचा, आजीच्या जागेवर जायचं! आजोबांची चालही ठरलेली. आधी ओढ्याकडे, मग उलटं वळून काट्याकुट्यांतून.

"आजोबा, या झाडापाशी आपण मघाशी येऊन गेलो!" उकू धापा टाकत म्हणाला.

"येणारच! मागून कुणी येत असेल तर तोही दमेल. तुझी आजी तर मला लग्नानंतरसुद्धा डोळे बांधून आणायची."

"खोटं!"

"थोडंसं खोटं," आजोबा हसले.

एस्टोनियातला माणूस तुमच्या हातात घराची किल्ली ठेवेल, पण अळंबीची जागा सख्ख्या भावालासुद्धा सांगणार नाही. ही जागा साल्मेआजीनं शोधलेली. मोठ्या खडकामागे शेवाळाची गादी आणि त्यावर पिवळीधमक अळंबी, जणू कुणी जर्दाळू सांडलेत! आजी छोट्या सुरीनं देठ कापायची आणि शेवाळ हातानं सारखं करायची, झोपलेल्या पोराचं पांघरूण नीट करावं तसं. घरी लोणी, कांदा, वर आंबट साय. आजी गेली, तरी खडकाजवळ पोचलं की आजोबांना लोण्याचा वास यायचा.

खडक आला. आजोबा जागीच थबकले.

शेवाळ दाताळ्यानं ओरबाडून उलथंपालथं केलेलं. अळंबी एक नाही. चिप्सचं रिकामं पाकीट तेवढं पडलेलं!

आजोबा खडकावर टेकले. म्हणाले, "हेली, कुणाला बोललीस?"

"मी? नाही आजोबा, शपथ!"

"दिवसभर मैत्रिणीशी मोबाइलवर कुजबुज चाललेली असते तुझी. जागा आपल्या तिघांनाच ठाऊक. उकूला तर एकट्याला वाटही सापडत नाही."

"मला अजूनही सापडत नाही," उकू घाईघाईनं म्हणाला.

"उद्यापासून मी एकटाच येईन," असं म्हणून आजोबा चालू लागले. या वेळी सरळ वाटेनं. आता लपवायचं काय?

हेली रडली नाही. तिनं उकूचं मनगट धरलं. "खरा चोर सापडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

रानाच्या कडेला एक मोटार उभी होती. शहरातल्या एक काकू टोपली डिकीत ठेवत होत्या. टोपली पिवळीधमक!

"अय्या काकू, किती छान! कशी हो सापडली?" हेलीनं साखर पेरली.

"अगं, नकाशावर आहेत की!" काकूंनी मोबाइल पुढे केला. परगण्याच्या वेबसाइटचंच पान! 'उन्हाळ्याच्या आठवणी, तुमचे फोटो पाठवा.' फोटोत खडक, खडकावर निळ्या फुलांचा कप, भोवती अळंबी. खाली नकाशा आणि त्यावर लाल टाचणी.

"ताई, हा आजीचा कप!" उकू किंचाळला. "आणि पाठवणाऱ्याचं नाव बघ!"

नाव आजोबांचं होतं.

"म्हणजे आजोबांनीच सांगितलं?"

"सांगितलं नाही," हेली म्हणाली. "फोटो कुठे काढला ते मोबाइल गुपचूप फोटोच्या पोटात ठेवून देतो. आपण बंद केलं नाही तर. पण इथं वाच, 'ठिकाण आम्ही काढून टाकू.' काढलं तर नाहीच, वर टाचणी टोचली!"

दोघांनी सायकली थेट कचेरीकडे पिटाळल्या. हेलीनं सगळं सांगितलं, तरी तिथले मुख्य अधिकारी काल्वेतसाहेब यांनी कॉफीतून मान वर केली नाही.

"बाळांनो, आपल्या देशात लोक मतसुद्धा नेटवरून देतात! आमच्याकडून अशी चूक? शक्यच नाही. जा, खेळा."

"बरं साहेब, खेळतो!" हेली गोड हसली.

बाजारातून मूठभर अळंबी आली. कचेरीमागच्या बर्चच्या झाडाखाली, साहेबांच्या लाडक्या गुलाबांशेजारी ती मांडली गेली. मोबाइलवर 'ठिकाण' चालू, फोटो टिपला, पाठवला! नाव दिलं, 'कचेरीमागची आठवण'. तपासतो कोण? फोटो लगेच पानावर झळकला.

दुसऱ्या सकाळी काल्वेतसाहेबांनी खिडकी उघडली, तर गुलाबांत माणसं रांगत होती!

"अहो! काय चाललंय इथं?"

"ओरडता काय? ती कुंडी हलवा, खाली बघू द्या," सुरीवाले म्हातारबुवा खेकसले.

"इथं अळंबी आहेत असं सांगितलं कुणी?"

"तुम्हीच की!" आणि चार मोबाइल एकदम साहेबांच्या नाकासमोर आले.

साहेबांचा चेहरा बीटाच्या सारासारखा झाला. दुपारच्या आत पानावरून नकाशा उतरला. "पोरं हुशार आहेत," ते पुटपुटले.

"हुशार आहेतच! खुळा मी," मागून आवाज आला. गर्दीत उभ्या हेलीपाशी उकू आजोबांना घेऊन आला होता. "साल्मेचा वाढदिवस होता गं. वाटलं, तिचा कप कुणीतरी बघावा. भावापासून जन्मभर लपवलं, आणि एका बोटानं सगळ्या जगाला सांगून बसलो! वर आळ तुझ्यावर. हेली, चुकलो." त्यांनी खिशातून आजीची छोटी सुरी काढून तिच्या हातात ठेवली. "ही आता तुझी. तिच्या जागेची राखण तुझ्याएवढी कुणी केली नाही."

संध्याकाळी तिघांनी शेवाळ पुन्हा अंथरलं. हेलीनं आजोबांच्या मोबाइलमधलं 'ठिकाण' आधीच बंद केलं होतं.

"रुजेल का हो?" उकूनं विचारलं.

"शेवाळ रुजेल," आजोबा म्हणाले. पुढचं बोलले नाहीत.

पुढचं तुम्ही बोला, साहेब. नकाशा पुसला म्हणता. ज्यांनी तो बघितला त्यांच्या डोक्यातून कसा पुसणार? आजीची जागा पुन्हा गुपित कशी होणार? हेली सुरी घेऊन खडकावर बसली आहे. तिला उत्तर द्या!