हरेशचे दोन स्कॅन

१९९७ साली वाशीतल्या आमच्या सेंटरला एमआरआय मशीन येऊन चारच महिने झाले होते. मी तिथे रेडिओलॉजिस्ट होते. आत गेलं की ठोकल्यासारखा आवाज येतो, तो मशीनचाच असतो, हे मी प्रत्येक पेशंटला आधी सांगायचे.

हरेश पाटील बोनकोड्याचा. वडिलांची भातशेती शहरात गेलेली, हा बिल्डरच्या साइटवर मुकादम. तिशीच्या आतला, धडधाकट. डोकं दुखतं म्हणून त्याच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. स्कॅन संपला तरी तो टेबलावरच बसून राहिला.

"मॅडम, आत कुनीतरी दगडानं ठोकीत व्हता."

"मशीनचा आवाज तो. सांगितलं होतं ना?"

"मशीनचा येगला. हा मानूस व्हता. नाव पन बोलला. जोतीराम."

"ओळखीचा आहे कोणी?"

"आमच्यात असला नाव नाय कुनाचा."

बाहेर सात पेशंट खोळंबले होते. मी हसून म्हटलं, "कानात राहतो थोडे दिवस. परत आला तर लक्ष देऊ नका."

संध्याकाळी फिल्म पाहिली. मेंदूत दोन्ही बाजूंना हिपोकॅम्पस असतो, करंगळीएवढा, आठवणी जपणारा. हरेशचा दोन्हीकडे आक्रसलेला होता. इतक्या तरुण माणसात मी तसा कधी पाहिला नव्हता. दोनदा मोजला. कारण सांगता येईना, आणि कारण सांगता येत नाही ते लिहून प्रश्न कशाला ओढवून घ्या? रिपोर्टवर मी 'नॉर्मल' लिहिलं.

सप्टेंबरात कोपरखैरण्याला एक स्लॅब कोसळला, एक मजूर गेला. पेपरात चार ओळी आल्या होत्या, नाव नव्हतं.

डिसेंबरात हरेशची बायको संध्या त्याला घेऊन आली. तो निम्मा झाला होता. वॉर्डबॉयनं स्टूल सरकवलं तर डोक्यावर हात घेऊन खाली बसला. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी होती: सप्टेंबरातला कोपरखैरण्याचा स्लॅब याच्याच साइटवर कोसळला; जबर धक्क्यानंतर काहींचा हिपोकॅम्पस लहान झालेला आढळतो, कृपया पाहावं.

स्कॅन झाला. मी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावल्या. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

धक्का सप्टेंबरातला. पहिली फिल्म मे महिन्यातली.

मी बाहेर आले. "त्या दिवशी काय झालं, हरेश?"

"मानसं मोजली, एक कमी. कुनी बोलला, तो चहाला गेलाय. मी ढिगावर उभा व्हतो. खालून ठोकल्याचा आवाज आला."

"मग?"

"मला वाटला, तोच आवाज. तुमी बोललावता, लक्ष देऊ नका."

संध्यानं मान फिरवली.

"तीन तासांनी काडला त्याला. हातात दगड तसाच. आदल्याच दिवशी कामाला लागलेला. नाव जोतीराम."

त्याच्या बोलण्यात कसलाही आरोप नव्हता. मला तेच सोसवेना.

"आणि आज?" मी कसंबसं विचारलं. "आज आत काही ऐकू आलं?"

"काय नाय. एकदम शांत. आता माज्याकडं येनार नाय तो."

"कशावरून?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग संध्याचा हात धरून निघून गेला.

मला झोप लागेना. आठवड्यानं जोतीरामच्या बायकोचा पत्ता काढला. नाव काशी, साइटमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहते. सगळं कबूल करायचं, असं ठरवून दुपारी गेले. रिक्षात वाक्यं जुळवली होती.

काशी स्टोव्हपाशी बसली होती. साडीच्या झोळीत महिन्याची पोर झोपलेली, बाप गेल्यावर जन्मलेली. मी बसायच्या आत ती किरकिरली. मी झोळीला झोका दिला.

"उगी, उगी, सरस्वती."

काशीचा हात थांबला.

"बारसं नाही झालं अजून," ती म्हणाली.

ते नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मुलगी झाली तर हे नाव ठेवायचं म्हणाले होते. मला एकटीलाच सांगितलं होतं."

मी तोंड उघडलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

काशीनं मला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, ताट पुसून माझ्यापुढे ठेवलं, त्यात भाकरी वाढली. आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली,

"लई उशीर केलात. जेवून घ्या."